झोपेचं तारण

चौकात फ्लेक्स लागला तेव्हा प्रवेशाचा अर्जसुद्धा पुरता भरलेला नव्हता.

'सह्यशिखर विद्यापीठात निवड झाल्याबद्दल कु. स्पृहा विश्वजित उरुणकर हिचे हार्दिक अभिनंदन!' मुलीचा फोटो ओळखपत्रावरून ताणून मोठा केलेला, त्यामुळे नाक पसरलेलं. बापाचा फोटो मात्र खास स्टुडिओतला, गॉगलसकट, मुलीच्या दुप्पट. खाली शुभेच्छुकांचे चेहरे दोन रांगांत दाटीवाटीने. त्यातल्या निम्म्यांना स्पृहा कोण, हे सांगावं लागलं असतं. मी या उरुणकरांच्या कारखान्यात दिवाणजी. सूत किती आलं, कापड किती गेलं, कोणाची मजुरी किती, हे बघणं माझं काम. फ्लेक्सचं बिलही माझ्याकडेच आलं.

"मालक, हे कशात टाकू?"

"शिक्षण खर्चात टाका की."

मी जाहिरातीत टाकलं.

निवड झाली होती हे खोटं नव्हतं. पण सह्यशिखरची चार वर्षांची फी एवढी की तेवढ्यात आमच्यासारखा अख्खा कारखाना मागांसकट विकत मिळावा. त्यामुळे तिथे निवड आणि प्रवेश यांच्या मधोमध कर्ज नावाचं एक दार होतं आणि त्या दाराची चावी विद्यापीठाच्याच वित्त कंपनीकडे होती. दुसरीकडे आमच्या इचलकरंजीचंच सरकारी विज्ञान महाविद्यालय. फी शून्य, शिवाय मुलींना बसचा पास. तिथल्या यादीतही स्पृहाचं नाव वर होतं. त्याचा फ्लेक्स मात्र कोणी लावला नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीचा फ्लेक्स लावत नाहीत.

समाजाच्या मंडळानं गुणवंतांचा सत्कार ठेवला. मालकांनी फेटा बांधून घेतला. मुलीच्या सत्काराला बाप फेटा बांधून का बसला, हे मी विचारलं नाही. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "सह्यशिखर म्हणजे काय खेळ आहे? तिथं घालायला पैसा लागतो!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे काय शिकवतात, हे ना अध्यक्षांनी सांगितलं, ना कोणी विचारलं.

स्पृहाला मात्र ते खरंच हवं होतं. तिची गोष्ट वेगळी. धागा ओढला की तो का तुटतो, या एकाच प्रश्नानं लहानपणापासून ती माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबरचा, इरफानचा, जीव खायची. सह्यशिखरला एक यंत्र आहे, त्यात तंतूतले रेणू ताण पडताना एकमेकांवरून कसे घसरतात ते दिसतं. त्याचा व्हिडिओ तिनं मला खाली माझ्या हिशोबाच्या गादीवर येऊन तीनदा दाखवला. "काका, बघा की! इरफानचाचा म्हणतो सूत दमट झालं. हे बघा दमट होणं!" तिचे डोळे चमकत होते. म्हणून मीही फीचा हिशोब तिच्यापुढे मांडला नाही.

*

आता टोपीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिच्यामुळे झाला.

दिवसभर आपण जे शिकतो ते मेंदू कच्च्या कागदावर खरडल्यासारखं घाईघाईनं टिपून ठेवतो. पक्कं काम रात्री होतं. गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा उठतात, आणि त्या लाटांच्या माथ्यावर बारीक, वेगवान थरथरीचे झुबके येतात. लाट आणि थरथर नेमकी एका वेळी जुळली की कच्चं टिपण पक्क्या जागी जातं. हे बरंच जुनं. नवा शोध एवढाच की घोकलेली गोष्ट जाते ती एकाच कोपऱ्यात जाऊन पडते. समजलेली गोष्ट मात्र जुन्या दहा गोष्टींना हात लावत जाते, म्हणजे ती जाताना मेंदूच्या अनेक भागांत एकदम थरथर उठते. ती थरथर मोजणारी एक मऊ टोपी निघाली. रात्री घालून झोपायचं, सकाळी शंभरपैकी आकडा मिळतो. शास्त्रज्ञांनी तिला लांबलचक नाव दिलं होतं. लोकांनी आकड्याला नाव ठेवलं मुरण. लोणच्यासारखं, ज्ञान किती मुरलं ते.

शोध चांगला होता. परीक्षेतले गुण विकत मिळत, मुरण मिळत नसे. पहिली दोन-तीन वर्षं लोक खूश होते. सरकारनं प्रत्येक कॉलेजला मुलांचं येतानाचं आणि जातानाचं मुरण जाहीर करायला लावलं. सह्यशिखरची मुलं येतानाच अठ्ठ्याहत्तरवर असत, जाताना ऐंशी. आमच्या सरकारी कॉलेजातली चव्वेचाळीसवर येत आणि अठ्ठावन्नवर जात. आरंभीची शिल्लक वजा केल्यावर कोणी किती घातलं हे किराणा दुकानदारही सांगेल. पण पालकांनी वजाबाकी केलीच नाही. त्यांनी ऐंशी आणि अठ्ठावन्न पाहिले आणि सह्यशिखरच्या दारात रांग लावली.

मग कर्जवाल्यांच्या लक्षात आलं की, ज्याचं मुरण चांगलं तो पुढे चांगलं कमावणार. मग घर, जमीन, सोनं तारण कशाला? मुलाची झोपच तारण घ्या.

*

विद्यापीठाचा समुपदेशक घरी आला. ईशान देवस्थळी नाव, वय तिशीच्या आत, बोलणं लोण्यासारखं. उरुणकरांचं घर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली चोवीस साधे माग. हल्ली सगळीकडे बिनआवाजाचे माग आले. पण परदेशातल्या हौशी लोकांना जुन्या धोट्याच्या मागावरच्या कापडाची किनार लागते, म्हणून आमचा खडखडाट रात्रंदिवस टिकून आहे. वर कपात चहा ठेवला तर त्यावर गोल वलयं उमटतात.

ईशाननं टोपी टेबलावर ठेवली. "अगदी सोपं आहे, काका. पंधरा रात्री ही घालून झोपायचं. सरासरी मुरणावर व्याजाचा दर ठरतो. पंच्याहत्तरच्या वर गेलं तर आमचा सर्वांत कमी दर आणि दुसरं काही तारण नाही."

"मग झालंच की!" मालक म्हणाले.

"नंतर टोपी परत द्यायची?" स्पृहानं विचारलं.

"नाही, नंतर कायमची मिळते." ईशान गोड हसला. "म्हणजे कर्ज फिटेपर्यंत. साधारण बारा वर्षं. दर तीन महिन्यांनी सरासरी निघते आणि दर खाली किंवा वर होतो. फेअर आहे ना?"

"आणि झोप नाही लागली तर?"

"तुमच्या वयात झोप न लागायला काय झालं!"

"लग्न झाल्यावरही टोपी?" वहिनींनी, म्हणजे तेजस्विनी उरुणकरांनी, चहाचा ट्रे ठेवत विचारलं. "बाळ रात्री रडलं तर व्याज वाढणार?"

ईशान पुन्हा गोड हसला. "त्यासाठी सवलतीचा अर्ज असतो, मॅडम."

"तू गप गं," मालक म्हणाले. "चांगलं चाललंय त्यात बाळ कुठनं आणलंस?"

ईशाननं नियम सांगितले. झोप नैसर्गिक हवी. गोळी नाही, कानात संगीत नाही, हलणारी गादी नाही, कसलंही कृत्रिम साधन नाही. लोकांनी पूर्वी लबाड्या केल्या होत्या, म्हणून टोपीला सगळं कळतं. मग त्यानं कपातली वलयं पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा आवाज रात्रीही असतो?"

मालकांचा चेहरा असा पडला, जणू पाहुण्यासमोर कोणी ढेकर दिली. तीन पिढ्या ज्या आवाजावर जेवल्या, त्याची लाज वाटायला त्यांना एक क्षण पुरला.

"नाही, नाही! रात्रीचं बंदच असतं. हे आपलं... दिवसापुरतं."

मी रातपाळीच्या मजुरीचा तक्ता मांडीवर घेऊन बसलो होतो. तो मी हळूच उलटा ठेवला.

*

दुसऱ्या दिवसापासून रातपाळी बंद. इरफान गादीवर येऊन उभा राहिला.

"मालक, पंधरा दिवस रातपाळी नाही म्हणजे बारा माणसं घरात बसणार. मीटरवर मजुरी हाय त्यांची. माग फिरला तर पोट भरतंय."

"अरे, पोरीच्या करिअरचा प्रश्न आहे!"

"पोरगी इथंच वाढली की ओ. तिला काय नवं हाय आवाजाचं?"

"तुला काय कळतंय त्यातलं? झोप शास्त्रीय लागली पाहिजे."

इरफाननं माझ्याकडे पाहिलं. मी कागदात पाहिलं. शास्त्रीय झोपेपुढे मजुरीचा काय पाड!

रात्रीचे माग तर थांबलेच, घरही थांबलं. कुकरची शिटी बंद, मिक्सर बंद, फोन बंद. वहिनी पायाच्या बोटांवर चालायला लागल्या. संध्याकाळी सातनंतर मालक जिन्यात राखणीला बसत आणि शिंक आली तर उशी तोंडात कोंबत. शेजारच्या मकोट्यांचे माग चालू होते, तर त्यांनाही रात्रीचे पैसे देऊन ते बंद करवले. मकोट्यांनी आनंदानं घेतले. त्यांना तसंही सूत कमी पडत होतं. त्यांचा मल्हारही त्याच वर्षी बारावी झाला होता. टोपीचं लोण त्यांच्याही घरात लवकरच जाणार हे मला दिसत होतं.

सकाळी मी यायचो तेव्हा स्पृहा गॅलरीत बसलेली असायची. पहिल्या दिवशी तिनं हात केला. पाचव्या दिवशी केला नाही. आठव्या दिवशी तिचे डोळे असे की, रात्रभर बाळंतिणीला सोबत केली असावी.

"काय गं, झोप झाली नाही?"

"झाली असेल," ती म्हणाली. "टोपीला विचारते."

मालकांनी दूध-हळद सुरू केली. मग गावच्या कोणा वैद्यानं तळपायाला तूप चोळायला सांगितलं, तेही झालं. रोज सकाळी चहाच्या आधी आकडा विचारला जायचा. "किती?" "एकेचाळीस." "काल?" "सदतीस." बाप मुलीला प्रकृती विचारत नव्हता, भाव विचारत होता. सूतबाजारात याहून जास्त मायेनं बोलतात.

पंधरा रात्रींची सरासरी अडतीस आली.

*

ईशानचा फोन रात्री उशिरा आला तेव्हा मी समोरच होतो. आवाज तोच, लोणी तेच, फक्त आता फ्रिजमधलं.

"असं होतं, काका. काही मुलांत गुण असतात, मुरण नसतं. आम्ही तरीही प्रवेश देऊ. फक्त दर सर्वांत वरचा, आणि झोपेबरोबर कारखानाही तारण ठेवावा लागेल. शेवटची तारीख वीस."

मालकांनी फोन ठेवला. त्यांना वाईट कशाचं वाटावं? कारखाना जाण्याचं? मुलगी पंधरा दिवसांत अर्धी झाली त्याचं? त्यांना वाईट वाटलं ते चौकातल्या फ्लेक्सचं.

"अडतीस!" ते वर जाऊन ओरडले, ते खाली मला ऐकू आलं, कारण माग बंद होते. "लोकांची पोरं पंच्याहत्तर काढतात! मी उशी तोंडात घालून शिंकलो, उशी! आणि तुला साधं झोपता येत नाही? जा मग त्या फुकट्या कॉलेजात! मास्तर नाहीत, बाकं नाहीत, तिथं बस जाऊन!"

"पप्पा, मला शांततेत झोप लागत नाही," स्पृहा म्हणाली. "माग चालू करून बघूया एकदा."

"म्हणजे त्या देवस्थळीला सांगू की आमची पोरगी खडखडाटात झोपते? गोठ्यातल्या म्हशीसारखी?"

वहिनींचा आवाज बारीक पण स्पष्ट आला. "मी पण तशीच झोपते. वीस वर्षं. मला म्हैस म्हणा."



रात्रीचे माग सुरू झाले, पण ते मुलीसाठी नाही. मुंबईच्या पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, फोन आला की माल वेळेत नाही दिला तर पुढची ऑर्डर मकोट्यांना. संध्याकाळी चोवीसही माग खडखडू लागले. नऊ नंबरचा माग जरा लंगडतो, त्याच्या एका चाकाचा दात झिजलाय, म्हणून खटक-खटक-ख... खटक असा सूर. तोही लंगडत सुरू झाला. टोपी न्यायला ईशान आठवड्यानं येणार होता. स्पृहानं ती कोणाला न सांगता रोज घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गादीवर आली. केस विंचरलेले, डोळे स्वच्छ. फोन माझ्यासमोर धरला.

चौऱ्याऐंशी.

"काल ब्याऐंशी. परवा एकोणऐंशी," ती म्हणाली. "आणि काका, मी काल काय वाचलं सांगू? तंतू का तुटतो त्याचं. सगळं आठवतंय, आणि इरफानचाचा दमट म्हणतो ते कुठे बसतं तेही कळलं."

"मग आता काय? दर खाली येईल. मालक दुसरा फ्लेक्स लावतील."

ती हसली नाही. माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढून तिनं चार बाण काढले, एक वर्तुळ झालं. "हे बघा. सह्यशिखर डोंगरात आहे. तिथे इतकी शांतता की पाखरू ओरडलं तर नोटीस लावतात. म्हणजे मला झोप नाही. झोप नाही म्हणजे मुरण खाली. मुरण खाली म्हणजे व्याज वर. व्याज वर गेलं की मला काळजी, आणि काळजीनं उरलीसुरली झोप जाणार. मग पुन्हा मुरण खाली." तिचं बोट वर्तुळावर फिरत राहिलं. "हे बारा वर्षं थांबत नाही. आणि नुसतं माझंच नाही हं. ज्याला कर्जाची टोपी घालून झोपायचंय त्या प्रत्येकाचं. निवांत झोपेल तो फक्त ज्याच्या बापाला कर्ज घ्यावं लागलं नाही."

"आणि ते यंत्र? रेणू दिसतात ते?"

तिनं कागदाची घडी घातली. हा प्रश्न तिनं स्वतःला आधी विचारला होता हे दिसत होतं.

"सरकारी कॉलेजात पाचपैकी दोन प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. मी जाऊन बघून आले. प्रयोगशाळेला कुलूप होतं, किल्ली शिपायाकडे, शिपाई लग्नाला." तिनं नाक उडवलं. "ते यंत्र तिथे नाही, काका. मला हवंय, आणि ते तिथे नाही. पण झोपलेली असताना माझ्या उशाशी कोणी हिशोबाला बसणार नाही."

*

तिला काही बोलायची गरजच पडली नाही, कारण टोपी आकडे परस्पर कंपनीला पाठवत होती. दुसऱ्या दिवशी ईशान स्वतः गाडीतून उतरला, हातात मिठाईचा डबा.

"अभिनंदन, काका! चौऱ्याऐंशी! असं आम्ही फार क्वचित पाहतो. पुन्हा पंधरा रात्रींची गरज नाही. सर्वांत कमी दर. कारखान्याचं तारण नको. फक्त सही."

मालकांचा चेहरा ताणलेल्या फ्लेक्ससारखा रुंद झाला. "म्हटलं नव्हतं? हळदीच्या दुधाचा गुण!"

"पप्पा, मागांचा गुण," स्पृहा म्हणाली. "सर, ही झोप इथली आहे. ती तुमच्याकडे येणार नाही. मी मागाचा आवाज रेकॉर्ड करून तिथे लावला तर चालेल?"

"आवाज लावणं म्हणजे कृत्रिम साधन होईल," ईशान म्हणाला. "नियम नियम असतो."

"नुसत्या आवाजानं भागणारही नाही. जमीन हलते, ते लागतं."

ईशाननं समोरच्या चहाच्या कपाकडे पाहिलं. वलयं उमटत होती. या वेळी कपाळाला आठी पडली नाही. डोळे मात्र बारीक झाले. बाजारात माल पारखणाऱ्या दलालाचे होतात तसे. त्यानं बॅगेतून एक चपटी डबी काढून जमिनीवर ठेवली. "काका, जरा कंपनं मोजू का? संशोधनासाठी. तुमची परवानगी लागेल, एक सही. तुमचं नाव मानद सल्लागार म्हणून येईल. प्रमाणपत्र फ्रेम करून पाठवू."

"विद्यापीठाचा सल्लागार? मी?" मालकांनी पेन काढलंसुद्धा.

"मालक, कागद वाचून घ्या," मी म्हणालो.

"दिवाणजी, सगळीकडे काय सूत मोजायचं असतं व्हय?"

त्यांनी सही केली. फुकट. मुलीनं मात्र कर्जाच्या कागदावर केली नाही.

"मी सरकारी कॉलेजात जातेय, सर," ती ईशानला म्हणाली. "टोपी घेऊन जा."

"स्पृहा!" मालक ओरडले. "समाजापुढं मी फेटा बांधलाय!"

"फेटा तुम्ही बांधलात, पप्पा. टोपी मी घालायची होती."

तिला अठरा पूर्ण झाली होती. सायकल काढली आणि प्रवेश घेऊन आली. पावतीवर रक्कम शून्य. ती पावती तिनं बापासमोर ठेवली तेव्हा मालकांनी ती अशी चिमटीत धरली, जणू कोणी वापरलेला रुमाल दिला.

आणि मग या शहाण्या माणसानं काय केलं? माग बंद केले! "मला चौकातनं मान खाली घालून जावं लागतंय. बघू आता कशी झोपतीस!"

मुलीवर रुसून चोवीस माग बंद ठेवणारा कारखानदार माझ्या हयातीत दुसरा झाला नाही. इरफान दाराशी येऊन म्हणाला, "मालक, पोरीवर रुसायला एक माग पुरंल की. बाकी तेवीस चालू करू?" पार्टीचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मालक तग धरून होते. मग मी त्यांच्यासमोर एक कागद ठेवला, त्यावर फक्त एक आकडा होता. रुसव्याचा दर दिवसाचा भाव. त्यांनी तो पाहिला, घसा खाकरला आणि इरफानला म्हणाले, "कशाला बंद ठेवलेत रे सगळे? काम करायला नको?"

चौकातला फ्लेक्स मागच्या गोदामाच्या गळक्या पत्र्यावर गेला, सुताच्या पोत्यांवर पाणी नको म्हणून. मुलीचा चेहरा खाली, बापाचा गॉगल आभाळाकडे.

*

सहा महिन्यांनी सह्यशिखरनं जाहिरात केली: 'स्पंदन वसतिगृह. गाढ झोपेची जमीन.' खोल्यांच्या फरशीखाली यंत्रं बसवली होती आणि फरशी रात्रभर बारीक थरथरत असे. कृत्रिम साधनांचा नियम त्यांनी बदलला नाही. थरथर हा इमारतीचाच भाग आहे, असं ठरवलं. भाडं साध्या खोलीच्या अडीचपट, आणि तेही कर्जात घालून मिळे.

आमच्या गावात त्यावर उड्या पडल्या. ज्यांनी मुलांच्या मुरणासाठी रातपाळ्या बंद ठेवल्या होत्या, माग भंगारात काढून वर शांत फ्लॅट बांधले होते, ते आता मागासारखी हलणारी फरशी भाड्यानं घ्यायला निघाले. मकोट्यांनी दोन माग विकून मल्हारला लगेचच्या सत्रात पाठवलं. मालकांना फ्रेममधलं प्रमाणपत्र आलं. ते गादीच्या मागे, देवाच्या शेजारी लागलं. चौकात नवा फ्लेक्स: 'सह्यशिखर विद्यापीठाच्या मानद कंपन सल्लागारपदी निवड झाल्याबद्दल...' या वेळी फोटो एकच होता. तेवढीच जागेची बचत.

"आता जाशील का?" मालकांनी एका सकाळी स्पृहाला अगदी गोडीत विचारलं. "आता सोय झालीय तिथं. पुढच्या वर्षी बदलून घेऊ."

स्पृहा सायकलची चेन बसवत होती. हात काळे झालेले. "आपलाच माग भाड्यानं घेऊन झोपू?"

सरकारी कॉलेजात प्राध्यापकाची एक जागा भरली होती, एक अजून रिकामी. प्रयोगशाळेची किल्ली तिनं भांडून मिळवली. रेणू दाखवणारं यंत्र अर्थातच नव्हतं. तिनं इरफानकडून तुटलेले धागे गोळा केले, कोणता कोरड्या दिवशी तुटला, कोणता दमट, आणि कॉलेजच्या जुनाट भिंगाखाली त्यांची टोकं बघत बसली. यातून तिला काय सापडेल मला माहीत नाही. काहीच सापडणार नाही असंही होईल. ते यंत्र असतं तर लवकर सापडलं असतं, हे ती स्वतःच सांगते.

त्यानंतरच्या दिवाळीला मल्हार घरी आला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. गादीवर येऊन बसला आणि कान देऊन आतल्या मागांचा खडखडाट ऐकू लागला. मग एकदम म्हणाला, "दिवाणजी काका, नऊ नंबर बंद आहे का?"

"बंद नाही. इरफाननं चाक बदललं गेल्या महिन्यात. का रे?"

"आमच्या फरशीत तो लंगडतो. खटक-खटक-ख... खटक. रोज रात्री. शहरातल्या पोरांना वाटतं, तो झोप येण्याचा शास्त्रीय ठेका आहे. एकानं त्यावर निबंध लिहिलाय."

"आणि तुला झोप येते?"

"येते. मग आठवतं की तीन महिन्यांची सरासरी निघायचीय, आणि जाते." तो हसायचा प्रयत्न करत होता. "दोनदा दर वाढला. बाबांना सांगू नका हं."

जिन्यावर स्पृहा उभी होती, तिनं ऐकलं. हसली नाही. मल्हारला चहा आणून दिला आणि त्याच्या शेजारी बसली. कपातला चहा थरथरत होता.

"चाक बदललं तेव्हा मलाही दोन रात्री झोप लागली नाही," ती म्हणाली. "लंगडणं कानात बसलेलं ना. तिसऱ्या रात्री लागली."

"मग काय केलंस?"

"काही नाही. कोणाला कळवायचं नव्हतं."